साउंडवाल्या काकांना, 'गार्व्हीज घोस्ट' ऐकवल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी" म्हणत विषय बदलता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

जमैकन रेगेतल्या 'बर्निंग स्पिअर'चा 'गार्व्हीज घोस्ट' हा डब अल्बम, म्हणजे गाणं काढून ड्रम, बेस आणि इको पुढे आणणारं मिक्स, घेऊन तुमच्याकडे आलो तेव्हा माझा प्रश्न साधा होता. आदल्या वर्षी आलेल्या 'मार्कस गार्व्ही'मधलीच गाणी, त्यातून गाणाराच जवळजवळ गायब. मग १९७६ साली हा वेगळा अल्बम काढलाच कशाला?

तुम्ही उत्तर दिलं नाहीत. माझा फोन बाजूला ठेवलात, लॅपटॉप मिक्सरला जोडलात आणि गोडाऊनमधून अठरा इंची दोन सब, म्हणजे खोल बेसचे मोठे स्पीकर, ओढून काढलेत. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली तर साधारण ४१ हर्ट्झचा स्वर देते. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो झेपत नाही, म्हणजे या अल्बमचा नायकच फोनवर गैरहजर असतो. सबवर रॉबी शेक्सपिअर आणि ॲस्टन 'फॅमिली मॅन' बॅरेट यांचा बेस आधी तळपायाला कळला, मग कानाला. "विसर्जनात आमचा बेस लोकांना नकोसा होतो, कारण तो श्वासच घेत नाही," तुम्ही म्हणालात, "हा गप्प कधी बसतो ते ऐक."

पण खरा उलगडा झाला तो नंतर. आमच्या बँडच्या तालमीचं रेकॉर्डिंग, प्रत्येक माइक वेगळा, तुम्ही मिक्सरवर घेतलंत. गायकाचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली, गिटारचा खाली. उरले ड्रम आणि बेस. ओळीतला शेवटचा शब्द येताक्षणी फेडर वर, तो शब्द इकोत ढकलला, लगेच फेडर खाली. शब्द एकदाच सुटला, पण परतत राहिला. मग इकोचा आवाज पुन्हा इकोतच सोडलात. तो फुगत फुगत शिट्टी मारणार इतक्यात हात मागे घेतलात. तुमची बोटं मी बघतच राहिलो. जमैकातल्या किंगस्टनच्या वॉटरहाउस वस्तीत डबचा उस्ताद ऑस्बर्न रडक ऊर्फ किंग टबी हेच करायचा. तोही मूळचा तुमच्यासारखाच, ॲम्प्लिफायर उघडून सोल्डरिंग करणारा माणूस.

त्यानंतर अल्बम पुन्हा लावलात. गुलामीच्या दिवसांची आठवण आहे का, असं विचारणारं 'स्लेव्हरी डेज' इथे 'आय अँड आय सर्व्हाइव्ह' होतं. 'बर्निंग स्पिअर'चा गायक विन्स्टन रॉडनी आणि कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्कस गार्व्ही दोघेही जमैकातल्या सेंट ॲन्स बेचे. गार्व्ही १९४० साली लंडनमध्ये वारले, आणि त्यांच्या नावाचं हे 'भूत' मिक्स झालं तेही लंडनमध्येच, आयलंड या रेकॉर्ड कंपनीसाठी. गंमत म्हणजे मिक्सिंग करणाऱ्या जॉन बर्न्सचं नाव थेट एका तुकड्याच्या शीर्षकात आहे. आपल्याकडे सीडीच्या पाठीवर बारीक अक्षरात आलं तरी पुष्कळ!

"मिक्स जरा भिडस्त आहे, टबीने अजून मोडतोड केली असती," हे तुमचं मत. मला ते पटतं, पण निम्मंच. इथे फार मोडतोड नाही म्हणूनच बॉबी एलिसचा ट्रम्पेट आणि व्हिन गॉर्डनचा ट्रोम्बोन सलग ऐकू येतात. गाणं असताना ते मागे उभे असतात. गाणारा बाजूला झाला की कळतं, अर्धी हाक तेच देत होते. यावर तुमच्याशी अजून भांडायचंय.

सीझनच्या दिवसांत दोन सब आणि अख्खी दुपार तुम्ही दिलीत, भाड्याचं नावही काढू दिलं नाहीत. त्याची परतफेड काही जमणार नाही. पण आमच्या पुढच्या कार्यक्रमात तुम्ही मिक्सर मागे मंडपाच्या कोपऱ्यात नाही, आमच्याबरोबर स्टेजवर लावायचा, असं सगळ्यांनी ठरवलंय. लग्नाच्या ऑर्डरी बघून तारीख तेवढी कळवा.

तुमचा,
बेसवाला