मोठ्या काकांची निकेलं

एडिसन, न्यू जर्सी
रविवार सकाळ

प्रिय अवि,

मोठ्या काकांच्या डब्यातल्या नाण्यांचे फोटो काल रात्री एकेक करून मोठे करून पाहिले. बोटीवरच्या नोकरीत त्यांनी ही पाच सेंटची निकेलं इतकी जपून ठेवली होती, हे मला माहीतच नव्हतं.

आधी एक सांगतो. चिंच, लिंबू, रांगोळी, यांतलं काहीही त्यांना लावू नकोस. सुरुवातीला मी १९३९ चं एक निकेल हौसेनं घासून लख्ख केलं होतं. भिंगाखाली धरलं तर नुसते ओरखडे! ते अजून माझ्या खणात आहे आणि दिसलं की जीव हळहळतो.

आता किमतीचं. वापरून झिजलेली पन्नास-साठच्या दशकातली बहुतेक निकेलं आजही पाच सेंटचीच. १९६४ ची तर पावणेतीनशे कोटींहून जास्त पाडली. तेव्हा अमेरिकेत चिल्लरटंचाई होती, म्हणून १९६५ उजाडल्यावरही १९६४ हेच साल घालून नाणी पाडत राहिले. डब्यात ती भरपूर आहेत. विकायला नेऊ नकोस, राहू देत.

पण तिसऱ्या फोटोतलं काळपट नाणं वेगळं काढून ठेव. छाप्याला अमेरिकेचा जुना राष्ट्राध्यक्ष जेफरसन आणि काट्याला त्याचं माँटिसेलो हे घर, हे फेलिक्स श्लाग या शिल्पकारानं १९३८ साली केलेलं चित्र. त्या घराच्या घुमटावर मोठा ‘पी’ दिसतोय ना? लढाईसाठी निकेल धातू लागत होता, म्हणून १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत या नाण्यात ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज घातलं. पाच ग्रॅमच्या नाण्यात पावणेदोन ग्रॅम चांदी! ही नाणी ओळखू यावीत म्हणून घुमटावर ठळक अक्षर आलं, आणि फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा ‘पी’ अमेरिकन नाण्यावर पहिल्यांदाच उमटला. कितीही झिजलं तरी त्याला चांदीचा भाव मिळतोच.

याच ‘पी’नं आमच्या न्यू जर्सीतल्या फ्रान्सिस हेनिंगचं बिंग फोडलं. त्यानं खोटी निकेलं पाडली, पण १९४४ सालाच्या नाण्यांवर घुमटावरचं अक्षर घालायचं राहून गेलं. तुझ्याकडचं १९४४ चं एखादं असेल तर पालथं करून बघच.

नव्यासारखं कोरं नाणं सापडलं तर भिंगातून माँटिसेलोच्या पायऱ्या मोज. पाच किंवा सहा पायऱ्या अखंड, कुठेही न तुटता दिसल्या, तर साध्या सालाच्या नाण्यालाही चांगली किंमत येते. त्या पायऱ्या छाप्याकडच्या सगळ्यात उंच भागाच्या बरोबर मागे येतात, त्यामुळे ठसा तिथे बहुधा नीट उठत नाही. मी तासन्‌तास पायऱ्या मोजत बसतो. बँकेतून दोन डॉलरला चाळीस निकेलांची गुंडाळी आणतो, खिडकीशी बसून एकेक उजेडात तिरकं धरतो आणि उरलेली परत देतो. पूर्ण पायऱ्यांचं एक जरी निघालं तरी तो आठवडा सोन्याचा.

सगळ्यात उत्सुकता मला चौदाव्या फोटोची आहे. त्यावर १९५० साल दिसतंय. त्या वर्षी डेन्व्हरच्या टांकसाळीत फक्त २६ लाख ३० हजार निकेलं पाडली, जेफरसनच्या निकेलांत सगळ्यात कमी. बातमी फुटताच लोकांनी गुंडाळ्याच्या गुंडाळ्या घरात दडवल्या, त्यामुळे कोरी अजूनही मिळतात आणि हातोहात फिरून झिजलेलं मात्र क्वचित दिसतं. काकांचं चांगलंच झिजलेलं आहे. ते पालथं कर, घराच्या उजव्या अंगाला, काठाजवळ, डेन्व्हरचा बारीक ‘डी’ आहे का बघ, आणि आजच फोटो पाठव.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मोहन