बोधीसाठी आणलेलं पाणी

प्रिय अम्मा,

तुमचं नाव मला माहीत नाही, आणि हे पत्र ज्या भाषेत लिहितेय ती तुम्हाला येत नाही. तरी लिहिते, कारण मनातलं मला मराठीतच धड बोलता येतं. गेल्या पोसोन पौर्णिमेला, म्हणजे श्रीलंकेत धम्म आला त्या दिवसाच्या जूनमधल्या सणाला, अनुराधपुरात, भर दुपारी, लोवामहापाय या प्राचीन विहाराच्या उरलेल्या त्या सोळाशे दगडी खांबांजवळ तुम्ही एका भारतीय मुलीच्या पायांवर पाणी ओतलंत. ती मुलगी मी.

मी वर्ध्याची. कोलंबोत पाली शिकायला येऊन तेव्हा दहा महिने झाले होते. घरून निघताना आजीनं एकच मागितलं होतं, "बोधीला माझा नमस्कार सांग." नागपूरला दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे, तो अनुराधपूरच्या झाडापासूनच वाढवलेला. त्यामुळे आजीच्या लेखी तुमचं झाड म्हणजे आमच्या झाडाची माय. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बापाच्या खांद्यावर बसून तिनं तो सोहळा पाहिला. गर्दी किती होती ते तिला सांगता येत नाही, पांढरा रंग मात्र आठवतो. जिकडे बघावं तिकडे पांढरी लुगडी, पांढरे सदरे. पोसोनला अनुराधपुरात उतरले आणि समोर पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसं पाहिली, तेव्हा मला आधी आजीच आठवली.

पण त्या दिवसापर्यंतचे दहा महिने मला जड गेले होते, हेही लिहायलाच हवं. एका बोर्डिंगच्या मालकीणबाईंनी भारतीय म्हटल्यावर खोली आहे की नाही तेही सांगितलं नाही, दारच लावून घेतलं. वर्गातल्या एकानं सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही आत्ता आत्ता झालात ना बौद्ध?" 'नवबौद्ध' हा शब्द आम्ही आमच्याच देशात ऐकत मोठे होतो, फॉर्मवर भरतो, टोमण्यात झेलतो. तोच समुद्र ओलांडूनही माझ्या आधी पोचलेला बघून मी रात्रभर झोपले नाही.

सगळ्यांत जास्त लागलं ते आपल्याच माणसांचं वागणं. पोसोनची सहल ज्यांनी काढली ते सगळे ओळखीचे, पैसे आगाऊ घेतलेले. "तू एकटी नाहीस, आम्ही आहोत," असं चारदा सांगितलेलं. चपला बसमध्ये ठेवून अनवाणी चला म्हणाले, ते योग्यच. मग बस दुसरीकडे नेली. त्यांनी पायमोजे आणले होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी मागे पडले तर एकानं वळून "चल लवकर" म्हटलं आणि ते गेले. त्यांच्याबद्दल याहून जास्त लिहीत नाही.

जूनमधलं अनुराधपूर तुम्हाला काय सांगायचं? वैदर्भीय असून ते ऊन मला झेपलं नाही. तळव्यांखाली तव्यासारखा दगड. एका खांबाच्या बोटभर सावलीत मी एका पायावर उभी राहून रडत होते. लोक जात होते. कुणी हसलं नाही, पण कुणी थांबलंही नाही.

तुम्ही थांबलात.

हातात पाण्यानं भरलेली कळशी होती. तुम्ही तिला कळय म्हणता हे मला नंतर कळलं, आणि आमची कळशी इतक्या लांब भेटल्याचा आनंदही झाला. ते पाणी बोधीला घालायचं होतं. काठोकाठ भरलेलं, सांडू नये म्हणून तुम्ही दोन्ही हातांनी धरलं होतं. तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "दुवे." बाकीचं वाक्य मला समजलं नाही. मग खाली वाकलात आणि माझ्या समोरच्या दगडावर पाणी ओतलंत. मला त्या ओल्यावर उभं केलंत. उरलेलं पाणी माझ्या पावलांवर सोडत हातानं तळवे पुसलेत. मी नको नको म्हणत झाडाकडे बोट दाखवत होते. तुम्ही मान हलवून हसलात आणि कळशी पूर्ण रिकामी केलीत.

हे पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. माझी पणजी विहिरीच्या कडेला तासन् तास बसायची, कुणी दया येऊन घागरीत पाणी घालील म्हणून. तहान लागली तर ओंजळ पुढे करायची आणि समोरचं माणूस लांबून, वरून धार धरायचं, भांडं हाताला लागू नये म्हणून. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, ते याच्यासाठी. आमच्या घरात पाण्याच्या सगळ्या गोष्टी अशाच आहेत, वरून पडणाऱ्या पाण्याच्या. देवाधर्माचं म्हणून राखलेलं पाणी कुणी वाकून, आपल्या हातानं आमच्या पायांना लावलं, ही गोष्ट घरात नव्हती. ती आता आहे.

नंतर तुम्ही मला नळापर्यंत नेलंत. कळशी पुन्हा भरली, एका बाजूनं तुम्ही धरलीत, एका बाजूनं मी, आणि ओल्या पावलांनी आपण परत झाडाकडे गेलो. तुमच्या पिशवीतल्या कमळांतलं एक तुम्ही मला दिलंत. पाकळ्या आत कशा दुमडायच्या ते करून दाखवलंत. आणि फुलं वाहतानाची गाथा सुरू केलीत: वण्णगन्धगुणोपेतं एतं कुसुमसन्ततिं. अम्मा, ही गाथा मी चार वर्षांची असल्यापासून म्हणते, वर्ध्याच्या आमच्या विहारात, पत्र्याच्या शेडमध्ये. मी तुमच्याबरोबर म्हणायला लागले तेव्हा तुम्ही क्षणभर थबकलात. "पुञ्ञेन" नंतर आपली वाट वेगळी झाली. आमच्याकडे "लभामि मोक्खं" म्हणतात, तुम्ही "होतु मोक्खं" म्हणालात. दोघी थांबलो. तुम्ही माझ्याकडे पाहून हळूच "लभामि" म्हटलंत आणि पुढे गेलात. इतकी वर्षं लोक मला माझा धम्म समजावून सांगत आले होते. तुम्ही माझा पाठ आपल्या तोंडात घेतलात.

हे झाड संघमित्रेनं आणलं. अशोकाची मुलगी, इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात, फांदी घेऊन समुद्रावरून आलेली एक बाई. १९०२ मध्ये गोव्याच्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी पाली शिकायला कोलंबोच्या विद्योदय पिरिवेणात, भिक्खूंच्या विद्यालयात, आले. माझ्या आधी इथे आलेल्या या माणसांचा विचार मी हल्ली फार करते. त्या अनोळखी मुलखात त्यांनाही कुणीतरी पहिल्यांदा "बस" म्हटलंच असेल. त्या कुणाचं नाव इतिहासात नाही, पण त्यांच्यावाचून ही माणसं टिकली नसती, असं मला वाटतं. डोळे मिटून लिहीत नाही मी. सिंहली समाजातही जात आहे, काही निकायांत, म्हणजे भिक्खूसंघाच्या शाखांत, भिक्खू होतानाही ती आडवी येते, हे मी इथेच शिकले. म्हणून तर तुमचं वाकणं मला अधिक मोठं वाटतं. तुम्ही माझी जात, गाव, काही विचारलं नाहीत. इंदियाव एवढंच ऐकलंत आणि पुन्हा "दुवे" म्हणालात.

दुव म्हणजे मुलगी. आमच्या भाषेत दुवा म्हणजे आशीर्वाद. आणि दोन टोकं जोडणारी कडी असते ना, तिलाही आम्ही दुवाच म्हणतो. हे मी संध्याकाळी आजीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिचं नाव विचारलंस?"

नाही विचारलं, अम्मा. मला तेव्हा शब्दच सुचत नव्हते. आता थोडी सिंहली येते, नाव विचारण्यापुरती नक्कीच. यंदाच्या पोसोनला मी त्याच खांबांजवळ असेन, दुपारी, आजीनं पाठवलेलं पांढरं लुगडं नेसून. पाणी मी आणते.

तुमची दुव