मुकादम दसऱ्याला येतो, मदत होळीला

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातला कोरडवाहू कापूसवाला. गाव सोडायचं की राहायचं, हे आमच्याकडे दसऱ्याच्या आसपास घराच्या ओट्यावर ठरतं. तेव्हा सरकार तिथे नसतं, ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम असतो. रोख उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेऊन.

2018 साली राज्याने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो 31 ऑक्टोबरला. दसरा 18 तारखेला होऊन गेला होता. आमच्या गावातून गाड्या भरून निघूनही गेल्या होत्या.

अतिवृष्टी झाली की माणसं उलट थांबतात. महसूल मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस पडला की निदान पंचनाम्याची आशा असते, घराला कुलूप लावून कसं चालेल? पण ऑगस्टात पाऊस तीन आठवडे दडी मारून बसला, कपाशीचं पातं, म्हणजे कळी गळाली, तर बांधावर कोण येतं? गाव रिकामं होतं ते या खंडाने.

शेजारी दोन भाऊ आहेत, तीन एकर, सातबारा अजून वडिलांच्या नावावर. बोअर आटला त्या रात्री धाकटा म्हणाला, "आठे र्‍हाईसन काय करसूत?" म्हणजे इथे राहून काय करणार? तो सुरतला लूमवर गेला. थोरला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) म्हणून बांधला गेला, म्हणून आई आणि बैलजोडी गावात आहेत. निम्मं घर गेलं, निम्मं राहिलं. तुमच्या कागदावर हे कुटुंब 'स्थलांतरित' की 'स्थानिक'?

आणि जे राहतात ते सगळे तगले म्हणून राहतात असंही नाही. ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या विधवेला पूर्ण उचल कोण देणार? ती राहते, कारण तिला जाताही येत नाही.

मागणं मोठं नाही. पावसाचा खंड मंडळनिहाय मोजून मदतीचा पहिला हप्ता दसऱ्याआधी द्या, आणि सातबारा नसलेल्या मजुराचं घरही त्यात धरा. तोडीला जाणाऱ्यांची मुलं गावात राहावीत म्हणून असलेली हंगामी वसतिगृहंही गाड्या निघायच्या आधी उघडा. गेल्या खेपेला आमच्याकडचं उघडलं, तेव्हा तिसरीतल्या चार मुली गुजरातेत बारडोलीकडच्या उसाच्या फडावर धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या.

आपला,
शिंदखेडा तालुक्यातील एक शेतकरी