सकाळचं खाल्लं का?

चि. मिनू,
अनेक आशीर्वाद.

परवा अजनीला तुला गाडीत बसवलं तेव्हा तू ओढणी डोळ्यांवर घेऊन खिडकीला टेकली होतीस. मला वाटलं, राग आहे अजून. आई म्हणाली, राग नाही, डोकं धरलंय तिचं. घरी येईपर्यंत मग मी काही बोललोच नाही.

'पोळ्या कमी कर, डोकं आपोआप थांबेल.' भर पंगतीत, तेही मोठ्या काकूसमोर, काहून बोललो असेन मी? त्यानंतर चार दिवस तू सकाळचं खाल्लं नाहीस. तर्री-पोहेसुद्धा ओट्यावर तसेच.

आज बीपी दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांकडे तुझा विषय काढलाच. ते म्हणाले, २०१७ मध्ये १२ अभ्यास एकत्र करून पाहिले होते, जवळपास तीन लाख माणसांचे. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३० च्या वर असलेल्यांत मायग्रेनची, म्हणजे आपल्या अर्धशिशीची शक्यता २७ टक्के जास्त निघाली. मी लगेच आईकडे पाहिलं. तर म्हणे, थांबा, १८.५ च्या खाली असलेल्या काटकुळ्यांतही १३ टक्के जास्त. आणि वजनामुळे डोकं की डोक्यामुळे वजन, हे त्यातून ठरत नाही. दुखणाऱ्याचं हिंडणं-फिरणं थांबतं, काही गोळ्यांनीही वजन वाढतं. उपाशी राहणं मात्र वाईट, हे दोनदा सांगितलं.

मला तरी नवं काय होतं त्यात! तुझी आजी वाळक्या काडीसारखी, तरी अर्धशिशी जन्माची. चतुर्थीला दिवसभर उपास, अन् दिवे लागायच्या आत कपाळाला सुंठेचा लेप. आम्ही पोरं अंगणात चूप बसायचो, चंद्र निघायची वाट पाहत. म्हणजे हे दुखणं आलं माझ्याकडून, आणि बोलणी खाल्लीस तू.

वजन उतरवायचं तर उतरव, पण सावकाश, पोटभर खाऊन. डोकं दुखलं की तारीख लिहून ठेव. दुखण्याच्या गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवस घेतल्या तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, म्हणून... झालं, सुरू झालो पुन्हा. माफ कर. एकटीने पुण्यात घर लावलंस, तुला काय सांगायचं मी. शेजारी सगळ्यांना सांगून झालंय माझं, कुलर पहिल्या पगारातून पोरीने घेतला म्हणून.

पण सकाळचं खातेस ना?

बॅगेच्या तळाशी आईने संत्रा बर्फी ठेवली आहे. ठेवू नको म्हणून मीच भांडलो होतो. खा ती. आधी पोहे, मग बर्फी.

तुझा,
बाबा