युथ ग्रुपला खुर्च्या लावण्यापलीकडचं काम द्या

मा. संपादक,

स.न.वि.वि. तरुण मुलं समाजकार्यात येत नाहीत, मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत ही तक्रार आता घासून घासून गुळगुळीत झालीय. मला मात्र तक्रार मोठ्यांची करायचीय, तीही चर्चमधल्या मोठ्यांची, कारण तिथल्या युथ मिनिस्ट्रीत, म्हणजे तरुणांसाठीच्या कामात, मी बरीच वर्षं काम करतेय आणि दर वर्षी तेच बघतेय.

मुलं काय करतात? खुर्च्या लावतात, साऊंड सिस्टीम सांभाळतात, कॉयरमध्ये गातात, नाताळचं नाटक बसवतात आणि वर्षातून एकदा एखाद्या वृद्धाश्रमात जाऊन दोन गाणी म्हणून, ब्लँकेटं वाटून, ग्रुप फोटो काढून परत येतात. की झाली सेवा! कुठे जायचं, काय न्यायचं, पैसे किती, हे सगळं कमिटीने आधीच ठरवलेलं, मुलांनी फक्त टी-शर्ट घालून वेळेवर हजर व्हायचं. रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची 8 पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या 3 पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, आणि या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. आपले बरेचसे उपक्रम दुसऱ्या पायरीवरच अडकलेत असं माझं स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे चर्चचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. 1844 मध्ये लंडनमध्ये वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना सुरू करणारे जॉर्ज विल्यम्स तेव्हा 22 वर्षांचे होते, कापडाच्या दुकानात नोकरी करत होते, आणि बरोबर होते तेही तसलेच पोरगेलेसे नोकरदार. 1881 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडला फ्रान्सिस क्लार्क नावाच्या पास्टरनी ख्रिश्चन एन्डेव्हर ही चर्चमधल्या तरुणांची संघटना काढली, तिथे मुलांनी नुसतं ऐकत बसायचं नव्हतं, त्यांच्याच कमिट्या होत्या आणि जो तो आपल्या कामाला जबाबदार. आणि मला सगळ्यात जवळचे वाटतात ते बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन, त्यांनी 1925 मध्ये कारखान्यात राबणाऱ्या तरुण कामगारांची संघटना उभी केली, पद्धत तीनच टप्प्यांची, आधी बघा, मग पारखा, मग करा. कामाचे तास किती, पगार किती, कुणावर काय अन्याय होतोय, हे त्या पोरांनीच आपापल्या कारखान्यात चौकशी करून शोधायचं. पुढे 1961 मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या परिपत्रकात हीच पद्धत उचलून धरली.

आपल्याकडे ट्रेनिंग म्हणजे काय तर एक दिवसाचं शिबिर, बाहेरून आणलेला वक्ता, दोन तासांचं भाषण आणि शेवटी सर्टिफिकेट. पोहणं काठावर बसून शिकवण्यातला प्रकार. खरं ट्रेनिंग तर बघायला शिकण्यापासूनच सुरू व्हायला हवं. मी एक साधा सराव घेते, एका मुलाने एकट्या राहणाऱ्या आजारी माणसाची भूमिका करायची आणि दुसऱ्याने दार वाजवून आत यायचं, बाकीच्यांनी फक्त बघायचं. जवळजवळ प्रत्येक जण आत येऊन उभ्या उभ्याच बोलायला लागतो, आम्ही चर्चमधून आलोय, तुमच्यासाठी हे आणलंय, चला प्रार्थना करू. समोरच्याला काय हवंय हे कुणी विचारतच नाही, बसू का म्हणूनसुद्धा नाही! मग भूमिका उलट्या करायच्या, आणि जो आता आजारी माणूस होऊन बसलाय त्याला विचारायचं की तुला कसं वाटलं. तिथे जी शांतता पसरते ना, तिच्यापुढे वक्त्याची सगळी भाषणं फिकी. दुसऱ्या फेरीत मुलं आपोआप खाली बसतात, आधी नाव विचारतात, औषध कोण आणून देतं ते विचारतात, आणि निम्म्या वेळा कळतं की वस्तू नकोच होती, कुणीतरी दवाखान्यात बरोबर यायला हवं होतं.

प्रथमोपचारही शिकवावेत, हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची तर मिनिटाला 100 ते 120 वेळा हे हाताला सवयीचं झालं पाहिजे, पण ते शिकवणारे प्रशिक्षित लोक मिळतात, अडतं ते तिथे नाही. अडतं पैशांपाशी.

कमिटी मुलांच्या हातात पैसे द्यायला तयार नसते. अहो, बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून बघा, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, ते वाटप स्वतःकडे ठेवलं नाही, लोकांना म्हणाले तुमच्यातले सात जण निवडा, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत! म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुधा त्यांच्याच हातात काम गेलं. आपण मात्र विशीतल्या मुलीला, जी ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब बघते, चर्चच्या छोट्याशा रकमेसाठी तीन सह्या आणायला पळवतो. रक्कम छोटी असू दे, पण कुठे खर्च करायची ते मुलांनी ठरवावं, वही त्यांनीच लिहावी आणि वर्षाच्या शेवटी मंडळीसमोर उभं राहून हिशोबही त्यांनीच द्यावा, चुकला तर चुकला, तिथेच सगळ्यांसमोर दुरुस्त होईल.

एका बाबतीत मात्र ढिलाई नको. 18 वर्षांखालचं मूल सेवेच्या कामात कुठल्याही मोठ्या माणसाबरोबर एकटं जाणार नाही, कायम दोन मोठे बरोबर, मग तो माणूस कितीही ओळखीचा किंवा मानाचा असो. इथे अनेकांना राग येतो, आमच्यावर संशय घेता का म्हणतात. येऊ दे राग.

आणि शेवटचं म्हणजे लीडर. पस्तिशी उलटलेली माणसं युथ लीडर म्हणून मिरवतायत आणि एकोणीस वर्षांची पोरं त्यांना दादा दादा करत मागे फिरतायत हे आता पुरे. दोन वर्षांची मुदत ठेवा, शेवटचे सहा महिने पुढचा लीडर बरोबर काम करेल असं बघा, आणि मुदत संपलेल्या लीडरने मीटिंगला येऊन मागच्या बाकावरून सूचना करत राहायचं नाही, ही अट त्याच्याकडून लेखी घ्या.

आपली,
एक वाचक