पिच्चर उतरायच्या आत मत छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात शनिवारी नव्या चित्रपटाचं परीक्षण येतं, शेजारी तारे असतात. लिहिणारे जाणकार आहेत. कॅमेरा, पटकथा, संगीत, सगळं नीट उलगडून सांगतात, आणि मी ते कात्री बाजूला ठेवून वाचते. पण ते वाचून माझ्या दुकानातली एकही बाई थेटरात गेलेली मी बघितली नाही. ती जाते दुसऱ्या बाईनं सांगितल्यावर. आणि हल्ली त्या दुसरीचं सांगणं हिच्यापर्यंत पोचायच्या आत पिच्चर उतरलेला असतो. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी सांगलीत गावभागात ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. माप घ्यायला चार मिनिटं लागतात. बाई हात जरा बाजूला धरून उभी, मी टेप घेऊन तिच्या मागं-पुढं. इतक्या जवळ उभं राहून दोघींनी गप्प बसणं अवघड जातं, मग मीच विचारते, "नवा कुठला बघितलासा?" बुधगावच्या एक शिक्षिका येतात, मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिणारी एकजण येते, मिरजेच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, हरिपूरच्या काकू. यांच्यातली कुणी 'दिग्दर्शन' हा शब्द काढत नाही. "सासूला घेऊन जावा, पण बारक्याला नेऊ नका, मध्ये घाबरतंय," असं सांगतात. "पहिला अर्धा तास सोसा, मग हलूसं वाटत न्हाई," असं सांगतात. मला निर्णय घ्यायला हेच लागतं.

'बाईपण भारी देवा' 30 जून 2023 ला लागला, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी. केदार शिंदे यांचा, सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात त्याची गोष्ट. पहिले चार दिवस माझ्याकडे कुणी त्याचं नाव काढलं नाही. मंगळवारी नर्सबाई आल्या, त्या रविवारी बघून आलेल्या. म्हणाल्या, "ताई, मी एकटी गेले ते चुकलं. ह्यो एकटीनं बघायचा न्हाई." बास, एवढंच मत. मी ते त्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येकीला सांगितलं. पुढच्या आठवड्यात काठपदराच्या साड्यांवरचे एकसारखे ब्लाउज, आठ-आठ जणींचे, सगळे अर्जंट. त्या वर्षी श्रावण अधिक होता, धोंड्याच्या वाणाच्या साड्यांचं काम आधीच अंगावर होतं, त्यात हे आलं. रात्री एकपर्यंत मशीन चालायचं.

त्याच दिवसांतली एक गोष्ट सांगते. एक बाई तो पिच्चर बघून दोन दिवसांनी आल्या. एकाच कापडाचे दोन ब्लाउज शिवायचे म्हणाल्या, एक त्यांचा आणि एक थोरल्या बहिणीचा. बहिणीशी वाटणीवरून बोलणं बंद आहे हे मला माहीत होतं, कारण पूर्वी दोघी बरोबर यायच्या आणि मग एकच येऊ लागली. मी विचारलं, "माप?" त्या म्हणाल्या, "तुमच्या वहीत असंल की." होतं, 2016 चं. सात वर्षांत बाईचं अंग तसंच राहत नाही, म्हणून मी दोन्ही बाजूंना जास्तीची माया ठेवली, नंतर उसवून सोडता यावी एवढी. पिच्चर कसा वाटला हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

त्याच पिच्चरवर अडतीवरच्या हिशेबवालीचं मत एकदम उलटं. "हसले, रडले, पण घरी आले तर भांडी तशीच पडलेली. त्यात कुणाच्या घरी भांडी कोण घासतं ते दाखवलंच न्हाई." मला दोन्ही खरी वाटली. सांगायचा मुद्दा असा, की तो पिच्चर थेटरात टिकला, म्हणून नर्सबाईंचं मत आठ जणींपर्यंत पोचलं आणि हिशेबवालीला भांडायला माणसं मिळाली.

'दशावतार' 12 सप्टेंबर 2025 ला आला. आमच्याकडे एक कुडाळची सून येते, लग्न होऊन तासगावला दिलेली. सासूला घेऊन गेली होती. माझ्याकडे आल्यावर ती दिलीप प्रभावळकरांबद्दल बोलली, त्या माणसानं वयाच्या 81 व्या वर्षी काय काम केलंय हे तिनं सांगितलं, पण ते दोन वाक्यांत. बाकीचा वेळ सासूबद्दल. बोली मालवणी, सासूला निम्मं कळेना. मग ही अख्खा पिच्चर तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगत बसली. "माझ्या माहेरची भाषा त्यांनी पहिल्यांदा एवढा वेळ ऐकून घेतली, ताई." हे सांगताना तिनं हात खाली सोडला आणि मला मुंढ्याचं माप परत घ्यावं लागलं. परीक्षणात हे कसं येणार? परीक्षण लिहिणारा एकटा बसून बघतो. पण तासगाव, विटा, आष्टा इथं कोकणातून आलेल्या सुना आहेत. त्यांना हे चार ओळींत वाचायला मिळालं असतं तर त्याही सासूला घेऊन गेल्या असत्या.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. 7 मार्च 2025 ला 'स्थळ' लागला, जयंत सोमलकर यांचा. विदर्भातल्या खेड्यातली मुलगी, तिला बघायला पाहुणे येतात, तेच ते प्रश्न, नकार, पुन्हा पाहुणे. टोरांटोच्या महोत्सवात त्याला 2023 साली पुरस्कार मिळालेला होता, ते मला फार नंतर समजलं. मला पिच्चर समजला तो मंगळवारी, एका कॉलेजच्या मुलीकडून. ती बघायच्या कार्यक्रमासाठीच ब्लाउज शिवायला आली होती. तिसरा कार्यक्रम. पहिल्या दोन वेळचे ब्लाउजही मीच शिवलेले. तिनं तो पिच्चर मैत्रिणीबरोबर बघितला होता. म्हणाली, "मावशी, त्यात ती नाव, उंची, शिक्षण सांगते ना, मी पण अगदी तसंच सांगते. त्याच आवाजात. मला माझाच आवाज ऐकू आला." आणि मग मला म्हणाली, बाही जरा लांब ठेवा, मागच्या खेपेला त्या लोकांनी दंडाकडं बघितलं होतं.

मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत नऊ जणी जमवल्या. सगळ्या लेकीच्या आया. बुधवारी कुणालाच जमेना. गुरुवारी होळी होती, तरी पोळ्या सकाळीच उरकून निघालो, कारण इथं त्याचा एकच खेळ होता, सव्वाबाराचा. तिकिटाच्या खिडकीवर सांगितलं, कालच उतरला. बाहेर पोस्टर अजून होतं. एका काकूंनी त्या पोस्टरसमोर उभं राहून सगळ्यांचा फोटो काढायला लावला आणि आम्ही परत आलो. त्या थेटरात 'छावा' चौथ्या आठवड्यात चालू होता. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, तो मीही दोनदा बघितलाय आणि दोन्ही वेळा रडलेय. पण एकाला चार आठवडे आणि दुसऱ्याला पुरता एकही नाही, हे मला सोसलं नाही. त्या मुलीचं मत खरं होतं, नऊ जणींना पटलं होतं, तिकिटाचे पैसे पदरात होते, आणि फक्त एक दिवस कमी पडला. 'स्थळ' मी अजून बघितलेला नाही. मला तो थेटरातच, त्या नऊ जणींबरोबर बघायचा होता.

एप्रिल 2015 मध्ये राज्य सरकारनं मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी 6 ते 9 च्या वेळेत मराठी चित्रपट दाखवायचा असं जाहीर केलं होतं. त्यावर ओरड झाली आणि ती वेळ दुपारी 12 ते रात्री 9 अशी करण्यात आली. बाराच्या खेळाला कोण जातं हे ठरवणाऱ्यांनी कधी बघितलं असेल का, मला शंका आहे. बारा वाजता माझ्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्या डबा भरत असतात आणि निम्म्या कामावर असतात. त्यांना जमतो तो तीनचा खेळ, पोरं क्लासला गेल्यावरचा, नाहीतर रविवारचा. म्हणजे शुक्रवारी लागलेला पिच्चर पहिल्यांदा बघितला जातो रविवारी. बोललं जातं सोमवार-मंगळवारी. दुसऱ्या बाया ठरवतात पुढच्या रविवारचं. आणि तो शुक्रवारपर्यंतही राहत नाही.

मोबाईलवर मतं येतात की, असं कुणी म्हणेल. येतात. शुक्रवारी साडेअकराला इंटर्व्हलमध्येच कुणीतरी 'डोक्याला ताप' असं टाकून मोकळा होतो. अर्धा पिच्चर बघून दिलेलं मत मी मत मानत नाही. अर्ध्या शिवलेल्या ब्लाउजवर मी कुणाला नाव ठेवू देत नाही, तसंच हे.

माझी मागणी आपल्या पेपराकडे आहे. सोमवारच्या अंकात सांगली, सातारा, मिरज, कऱ्हाड इकडच्या साध्या प्रेक्षकांची चार-पाच ओळींची मतं छापा. फार नकोत, पाच पुरेत. तारे देऊ नका. प्रत्येकानं गाव लिहावं, कुठल्या वेळचा खेळ बघितला ते लिहावं आणि बरोबर कोण होतं ते लिहावं, कारण एकट्यानं बघितलेला आणि सासूबरोबर बघितलेला पिच्चर एक नसतो. पिच्चर पूर्ण बघितलेला पाहिजे, ही एकच अट ठेवा. दोन मतं एकमेकांविरुद्ध आली तर दोन्ही शेजारी-शेजारी छापा. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून आमच्या गावाला खेळ बघायची आणि त्यावर भांडायची सवय आहे, आपल्याला मजकूर कमी पडणार नाही. आणि थेटरवाल्यांना एवढंच सांगणं आहे, की मराठी पिच्चर दुसऱ्या रविवारपर्यंत तीनच्या खेळाला ठेवून बघा. त्या दिवशी बाया आल्या नाहीत तर खुशाल उतरवा.

या आठवड्यापासून मी मापाच्या वहीत मागच्या पानांवर मतं लिहून घ्यायला लागले आहे. आत्तापर्यंत सात झाली. आपण जागा दिलीत तर रविवारी संध्याकाळी दुकान बंद करून मी ती कार्यालयात स्वतः आणून देईन, म्हणजे सोमवारच्या अंकाला वेळेत मिळतील. त्यातलं पहिलं हरिपूरच्या काकूंचं आहे आणि त्यांनी मला बजावून ठेवलंय, की त्यांच्या वाक्यातला एक शब्द बदलायचा नाही.

आपली,
एक वाचक, ब्लाउज शिवणारी,
गावभाग, सांगली