पट्टी सुटली तरी तपासणी सोडू नका

एडिसन, न्यू जर्सी

ती. दादा आणि सौ. वहिनी यांस,
सप्रेम नमस्कार.

ओवीच्या आळशी डोळ्यासाठी लावलेली पट्टी सुटल्याचं आईने फोनवर सांगितलं. फार बरं वाटलं. वहिनी, शाळेतली चिडवाचिडवी, रोजची रडारड सांभाळून तुम्ही नेट लावलात, तो मीच जाणे. पण आता पुढच्या तपासणीची तारीख घेतलीत का?

आमच्या अर्णवची नजर पट्टी बंद झाल्यावर पुन्हा घसरली, तेव्हा घरात कुणाला पत्ताही लागला नव्हता. चेंडू झेलायचा, पुस्तकं वाचायचा; चांगला डोळा सगळं निभावून नेत होता. तपासणीत तो डोळा झाकला आणि आधी सहज वाचलेल्या ओळीवर पोरगं अडलं. मान तिरकी करून झाकणाच्या कडेने बघायला लागलं. तारीख चुकवली असती तर कळलंच नसतं.

आळशी डोळ्याकडून येणारं चित्र मेंदू बाजूला सारत असतो. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावली की त्याला ते वापरावंच लागतं. पट्टी गेली की लहान वयात तो पुन्हा चांगल्या डोळ्याकडे झुकू शकतो. इथल्या बालनेत्रतज्ज्ञांच्या गटाने २००४ साली आठ वर्षांखालच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार थांबवल्यावर वर्षभरात सुमारे २४ टक्के मुलांची नजर परत घसरली होती, मग उपचार पट्टीचा असो की चांगल्या डोळ्याला धूसर करणाऱ्या अ‍ॅट्रोपीनच्या थेंबांचा. रोज सहा ते आठ तास पट्टी लावणाऱ्यांपैकी ज्यांची ती एकदम बंद झाली, त्यांच्यात हे प्रमाण ४२ टक्के. आधी दोन तासांवर आणून मग थांबवली त्यांच्यात १४. कुणाची पट्टी कशी सोडवायची हे त्यात चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं, त्यामुळे तेवढ्यावरून छातीठोक काही म्हणता येत नाही. तरी ओवीची पट्टी एकदम बंद केली की तास कमी करत, आणि आता थोडे तास चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. मनाने मात्र काही करू नका. झाकलेल्या चांगल्या डोळ्यालाही जपावं लागतं.

आणि चष्मा! आई म्हणते, पोरीच्या जातीला चष्मा कशाला, आता डोळा सुधारला ना. आईला माझ्या नावाने सांगा, ओवीच्या दोन्ही डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक आहे, तो पट्टीने गेलेला नाही. चष्मा काढला की आळशी डोळ्याला पुन्हा धूसर दिसणार आणि सगळी मेहनत पाण्यात. डॉक्टर सांगतील तोवर तो नाकावर हवाच, लग्नकार्यात फोटो काढतानासुद्धा.

नजर पुन्हा घसरलीच तर हाय खाऊ नका. लवकर लक्षात आलं तर बहुतेकदा पुन्हा उपचार करून ती सावरता येते. अर्णवची सावरते आहे. पट्टी परत लागली म्हणून तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आता स्वतःच चिकटवतो.

ओवीच्या मागच्या तपासणीचे कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, नंबरचा आणि कोणती ओळ वाचली त्याचा. आईला नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुमची,
सुमा